साडेतीनशे मिली

१

पिशवी कुणी पाहिलेली नव्हती, पण ती गेली आहे याबद्दल तिन्ही तज्ज्ञांचं एकमत होतं. तीन तज्ज्ञांचं एकमत ही एरवी दुर्मीळ गोष्ट. इथे ते झालं, कारण तिघं तीन वेगवेगळ्या गावांत बसले होते आणि त्यांना एकमेकांशी बोलायची मनाई होती.

आठशे मीटर धावणाऱ्या एका मुलीचं रक्त वर्षातून पाच-सहा वेळा तपासलं जाई. चार वर्षं त्या आकड्यांची ओळ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती, हिमोग्लोबिन साडेतेराच्या आसपास. गेल्या खेपेला ते एकदम पावणेबारावर आलं आणि रक्तातल्या कोवळ्या पेशी दुपटीने वाढल्या. शरीर घाईघाईने कसली तरी भरपाई करत होतं. एका पिशवीची, असं तज्ज्ञांनी लिहिलं. साधारण साडेतीनशे मिली. आपलंच रक्त काढून थंड जागी ठेवायचं, शरीराने नवं तयार केलं की शर्यतीच्या आदल्या दिवशी जुनंही परत चढवायचं, ही लबाडी धावण्याच्या जगात नवी नव्हती.

निवड शर्यत बारा दिवसांवर होती. दोघींना पुढे जायचं होतं. आरोप सिद्ध झाला तर चार वर्षांची बंदी, आणि मुलगी सत्तावीस वर्षांची. एकतिसाव्या वर्षी परत येऊन आठशे मीटर धावता येतं, पण तेव्हा आपल्या पुढे कोण कोण आहे ते मागून नीट दिसतं.

महासंघाच्या अध्यक्षांनी चौकशी बाटलीबाईंकडे दिली. सव्वीस वर्षं खेळाडूंच्या दारात न सांगता उभं राहायचं, त्यांच्या हाती बाटली द्यायची आणि ती भरेपर्यंत शेजारून हलायचं नाही, ही बाईंची नोकरी. निवृत्त होऊन त्यांना आठ दिवस झाले होते. ही शेवटची तपासणीही त्यांनीच केली होती. ज्या बाईने नमुना घेतला तिनेच चौकशी करावी का, असा प्रश्न समितीत कुणाला पडला नाही, कारण त्यासाठी फॉर्म वाचावा लागला असता.

"एक आठवडा देतो," अध्यक्ष म्हणाले. "शीतकपाट आम्ही तपासलंय. बर्फाच्या थैल्या आणि अडीच लिंबं सापडली."

बाईंनी विचारलं, मुलीने रक्तदान केलं असेल तर? अध्यक्षांनी हसून फाइल उलटवली. मुलीचं वजन त्रेचाळीस किलो. पंचेचाळीसच्या खाली कुठलीच रक्तपेढी कुणाला खुर्चीवर बसवत नाही. आसपासच्या चारही पेढ्यांच्या नोंदी मागवल्या होत्या, तिचं नाव कुठेच नव्हतं.

फाइलमध्ये मुलीचा जबाब होता. तीन पानं कोरी सोडून तिने एकच वाक्य लिहिलं होतं: मी काहीही घेतलेलं नाही.

बाईंनी ते दोनदा वाचलं. खोटं बोलणारी माणसं तीनही पानं भरतात, हा त्यांचा अनुभव होता. आणि या मुलीने रक्त गेलेलंच नाही, असं कुठेही म्हटलं नव्हतं.

२

सराव केंद्रात तिला सगळे काडी म्हणत. बाई पोचल्या तेव्हा ती मैदानाच्या कठड्यावर, आत पाऊल न टाकता बसली होती. निकाल लागेपर्यंत तिला धावपट्टीवर यायची बंदी होती. बाईंनी तिला जे जे विचारलं त्याला तिने अतिशय नम्रपणे काहीच उत्तर दिलं नाही. चहा घेणार का, एवढं मात्र विचारलं.

मग बाई फिजिओकडे गेल्या. हा गृहस्थ स्नायूंशी बोले, माणसांशी कमी. पण रोज सकाळी उठल्या उठल्या प्रत्येक मुलीची नाडी मोजून वहीत लिहायची त्याची पद्धत होती, आणि बाईंच्या मते जगातली निम्मी सत्यं अशा कुणी न वाचलेल्या वह्यांत पडून असतात. काडीची नाडी महिनोन् महिने मिनिटाला बेचाळीस-त्रेचाळीस. एका बुधवारी सकाळी ती एक्कावन्न झाली आणि दोन आठवडे हळूहळू उतरत राहिली.

"हे कुणाला दाखवलं नाही?"

"सरांना दाखवणार होतो," फिजिओ म्हणाला. "पण सर इस्पितळात होते. आदल्याच दिवशी, मंगळवारी, त्यांच्या पोटातला व्रण फुटला."

म्हणजे पिशवी मंगळवारी सकाळी नाडी मोजल्यानंतर आणि बुधवारी सकाळी मोजण्याआधी बाहेर पडली होती. बाईंनी तारीख लिहून घेतली. नमुना त्यांनी घेतला होता तो त्यानंतर नवव्या दिवशी.

काडीच्या खोलीत दुसरी मुलगी राहत होती. पायांमुळे तिचं नाव जिराफ पडलं होतं. निवड शर्यतीत काडी नसली तर दुसरी जागा हिचीच, हे केंद्रातल्या माळ्यालाही ठाऊक होतं. समितीचा खरा संशय होता तो हिनेच कागाळी करून तपासणी लावल्याचा. बाईंना तिच्यात कागाळीपेक्षा वैताग जास्त दिसला.

मंगळवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास काडी बाहेर पडली, असं तिने सांगितलं. सरांना बघायला इस्पितळात जाते म्हणाली. साडेआठला परतली, दोन तांबे पाणी प्यायली आणि पाय उशीवर ठेवून आडवी झाली. डाव्या हाताच्या कोपरात चिकटपट्टी होती.

"हे तू समितीला का नाही सांगितलंस?"

"समितीने विचारलं, तिला काही घेताना पाहिलंस का. मी खरं तेच सांगितलं, नाही पाहिलं." जिराफ बुटाची नाडी सोडत, बांधत, परत सोडत होती. "बाई, मला ती शर्यतीत हवीय. ती नसताना मी दुसरी आले तर जन्मभर लोक मला काय म्हणतील, ते तुम्हीच सांगा."

३

सर, केंद्राचे प्रशिक्षक, आपल्या कचेरीत बसले होते. सहा फुटांच्या माणसाचे आठ किलो इस्पितळात राहिले होते आणि सदरा अजून त्यांची वाट बघत असल्यासारखा अंगावर लोंबत होता. भिंतीवर तक्ता होता: प्रत्येक मुलीचं नाव, घरचा फोन, रक्तगट. बाहेरगावच्या शर्यतीला जाताना तोच उतरवून नेत. शेवटच्या ओळीत शिस्तीखातर सरांनी स्वतःचंही नाव घातलं होतं. बाईंना भिंती वाचायची सवय होती. त्यांनी हाही तक्ता वरून खालपर्यंत वाचला.

काडीला सरांनी केंद्राबाहेर काढायला सांगितलं होतं. तेरा वर्षांची असताना त्यांनीच तिला शाळेच्या मैदानावरून उचलून आणलं होतं. चौदा वर्षं तिला धावायला, जेवायला, झोपायला शिकवलं, असं ते सांगत राहिले. पूर्वी एका मुलीने ऐन हंगामात कॉलेजात रक्तदान केलं, तर तिला त्यांनी दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं होतं. धावणारीचं रक्त हंगामात तिचं एकटीचं नसतं, हे त्यांचं वाक्य केंद्रात भिंतीवर न लिहिताही सगळ्यांना पाठ होतं.

"आणि ही," सर म्हणाले, "पिशव्या भरून ठेवते."

बाईंनी विचारलं, आजारपणात ती भेटायला आली होती का?

मंगळवारपासून अख्खं केंद्र येऊन गेलं, सर म्हणाले. फिजिओ आला, माळी आला. जिराफसुद्धा एका दुपारी आली, रडली, आणि फळं आणली होती ती स्वतःच खाऊन गेली.

"तेवढी एक आली नाही. चार दिवस आली नाही. मी दाराकडे डोळे लावून बसलो होतो, बाई. तेव्हाच समजायला हवं होतं मला, की हिच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे."

बाई जिन्यावर थांबल्या. काडी इस्पितळात गेली होती. सरांच्या खाटेपर्यंत पोचली नव्हती. मग मधले अडीच तास ती इस्पितळाच्या कुठल्या मजल्यावर होती?

४

घरी येऊन बाईंनी स्वतःचाच फॉर्म ताटाशेजारी ठेवला. तिसऱ्या पानावरचा सातवा प्रश्न: गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलं, घेतलं किंवा अपघाताने गेलं आहे का? समोर बाईंच्या ठसठशीत अक्षरात 'नाही'. खाली काडीची सही. समितीच्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा पुरावा होता. रक्तदान केलं असतं तर मुलीने तिथेच सांगितलं असतं. ती नाही म्हणाली, म्हणजे लपवायचं होतं.

कुणापासून, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

खेळाडूला तपासणीच्या खोलीत एक सोबती आणता येतो. सोबत्याच्या रकान्यात सही होती सरांची. आदल्याच दिवशी इस्पितळातून सुटलेले सर, कुणाचं न ऐकता, पांढऱ्याफटक चेहऱ्याने खुर्चीवर येऊन बसले होते. आता बाईंना ती खोली पुन्हा दिसली: ट्यूबलाइट, मेणकापडाचं टेबल, रक्त काढून झाल्यावर कोपर दुमडून बसलेली काडी. बाईंनी सातवा प्रश्न वाचला. मुलीने तोंड उघडलं होतं. ते नक्की उघडलं होतं.

आणि सर म्हणाले होते, "रक्त आणि ही? अहो बाई, हंगामात ती नखंसुद्धा जपून कापते."

सगळे हसले. बाईही हसल्या, आणि त्यांनी 'नाही' लिहिलं.

उत्तर खेळाडूनेच द्यायचं, सोबत्याने नाही, हा नियम सव्वीस वर्षं बाईंनी नवशिक्यांना शिकवला होता. शेवटच्या आठवड्यात, एका आजारी माणसाचा विनोद मोडायला नको म्हणून, तो त्यांनीच मोडला. चार वर्षांची बंदी ज्या दोन अक्षरांवर उभी होती ती त्यांच्याच पेनातून उतरली होती. आणि तो शब्द मुलीचा नव्हताच.

बाईंनी ताटावरून उठून हात धुतले. सरांसमोर बोलता येत नाही अशी गोष्ट सरांबद्दलच असणार. तक्त्यावरच्या दोन ओळी त्यांना आठवल्या, काडीची आणि अगदी शेवटची. दोन्हींपुढे एकच रक्तगट होता, हजारात एखाद्याचा.

पण त्रेचाळीस किलोंच्या मुलीला खुर्चीवर बसवलं कुणी?

५

इस्पितळाची रक्तपेढी तळमजल्यावर होती. तिथल्या टेबलाशी बावीस वर्षं बसणाऱ्या परिचारिकेला केंद्रातल्या मुली काकू म्हणत, कारण ती सरांची बायको होती. बाई तिला वहिनी म्हणत.

वहिनींनी नोंदवही काढून दिली. त्या मंगळवारची पानं चार. सहा पन्नासला एक दात्री: स्त्री, वय अडतीस, वजन बावन्न, रक्तगट तोच. नाव वहिनींच्या धाकट्या बहिणीचं.

"बहीण कुठे असते हल्ली?"

वहिनींनी कापसाचा बोळा केला, मोडला. "समुद्रापलीकडे. दोन वर्षं झाली."

"मग तिचा हात फार लांब असणार."

वहिनींनी काचेचं दार लोटून घेतलं. मग त्या बोलल्या, सलग आणि सपाट आवाजात, जणू दुसऱ्याच कुणाचा केसपेपर वाचत होत्या. त्या संध्याकाळी सरांचा रक्तस्राव थांबत नव्हता. त्या गटाची एकही पिशवी शहरात नव्हती. बाहेरून यायला सकाळ होणार होती आणि सर्जन म्हणाला होता, सकाळचं मी सांगू शकत नाही. तक्त्यावरची काडीची ओळ वहिनींना पाठ होती. त्यांनी फोन केला. मागितलं नाही, एवढंच सांगितलं, की मिळत नाहीये.

बाईंना वाटलं, मागण्याची याहून पक्की रीत नसेल.

"मी तिला म्हटलं, अगं, तुझं वजन बसत नाही, वर हंगाम आहे, ह्यांना कळलं तर तुझी धडगत नाही. ती म्हणाली, काकू, काटा तुमच्याकडे आहे ना. आणि बाही वर करून बसली."

तपासून पिशवी वर गेली. काडी मागच्या दाराने बाहेर पडली. पांढरा चेहरा सरांच्या नजरेतून सुटला नसता, म्हणून चार दिवस फिरकली नाही.

आणि आरोपाचं पत्र आल्यावर?

"त्याच दिवशी आली माझ्याकडे. म्हणाली, काही बोलू नका, निवृत्तीला तुमचे अकरा महिने राहिलेत, नोकरी जाईल. मी हो म्हटलं, ताई. घरी रोज ह्यांच्या तोंडून तिला शिव्या ऐकते आणि भात वाढते." त्यांनी कापसाचा बोळा टोपलीत टाकला. "नोकरीचं भय नंतरचं हो. तिच्या रक्तावर जगतोय हे ह्यांना कळलं तर हे कसे जगतील, ते मला कळत नव्हतं."

बाईंनी नोंदवही मिटली. इथे प्रत्येकाने दुसऱ्या कुणाला तरी वाचवलं होतं आणि बुडत होती एकटी काडी. शर्यतीला आठ दिवस उरले होते. आणि हे सगळं खरं असलं तरी वहीत नाव दुसरीचंच होतं.

६

अध्यक्ष, सर, वहिनी आणि काडी एकाच खोलीत बसले, तेव्हा बाईंनी एकेक गोष्ट क्रमाने सांगितली. नाडीच्या वहीवरून मंगळवार. जिराफच्या सांगण्यावरून इस्पितळ. सरांच्या तक्रारीवरून त्यांची खाट असलेला दुसरा मजला नव्हे, तळमजला. सातव्या प्रश्नाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि स्वतःची चूक स्वतःच्या नावासकट सांगितली. वहिनींनी लेखी जबाब टेबलावर ठेवला.

सर कुणाकडेच बघत नव्हते. त्यांनी उजवी बाही वर केली होती आणि कोपराच्या खळग्यात कधीच बुजलेल्या सुईच्या जागेवर अंगठा ठेवला होता.

"मला विचारलं असतं," ते शेवटी म्हणाले, "तर मी नको म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं, सर," काडी म्हणाली.

तेरा वर्षांची असल्यापासून तिने त्यांना उलट उत्तर दिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

अध्यक्षांनी फाइल मिटली. गोष्ट हृद्य आहे, ते म्हणाले. पण नवऱ्याच्या लाडक्या शिष्येसाठी बायकोने रचलेली नाही कशावरून? नोंदवहीत एकदा खोटं लिहिणारी बाई दुसऱ्यांदाही लिहील. पुरावा म्हणजे पिशवी. ती कुठे आहे?

"याच खोलीत," बाई म्हणाल्या. "खुर्चीवर बसलीय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. एकाच गटाच्या दोन माणसांच्या रक्तपेशींवरही बारीकसारीक खुणा वेगळ्या असतात. दुसऱ्याचं रक्त चढवून धावणाऱ्यांना प्रयोगशाळा त्यावरूनच पकडते. परक्या पेशी तीन महिने तरी अंगात वेगळ्या ओळखू येतात. सरांचं रक्त घ्या, काडीचं घ्या, दोन्ही पाठवा. सरांना चढली ती एकच पिशवी होती, हे इस्पितळाच्या कागदांत आहे. सरांच्या अंगातल्या परक्या पेशी काडीच्या खुणांशी जुळल्या तर गोष्ट खरी. नाही जुळल्या तर बंदी घाला, आणि मलाही घाला.

सरांनी सही करायला पेन मागितलं. पहिली सही वाकडी आली, म्हणून त्यांनी खाली दुसरी केली.

निकाल पाचव्या दिवशी आला. सरांच्या रक्तात दोन निरनिराळ्या माणसांच्या पेशी, पैकी परक्या पेशी मुलीशी सर्व खुणांत जुळणाऱ्या. महासंघाच्या इतिहासात रक्ततपासणीत सापडलेले सर पहिलेच प्रशिक्षक. अध्यक्षांनी काडीला निर्दोष ठरवणारं चार ओळींचं पत्र काढलं आणि बाईंच्या अहवालातला पहिला परिच्छेद, ज्यात त्यांनी स्वतःची चूक लिहिली होती, वगळावा असं सुचवलं. बाईंनी तो तसाच ठेवला. वहिनींना इस्पितळाने कामावरून दूर केलं. पुढची चौकशी व्हायची होती. त्यांच्या पहिल्या रिकाम्या सोमवारी काडी त्यांच्याकडे जाऊन आली, एवढं जिराफने सांगितलं. काय बोलल्या ते नाही.

७

निवड शर्यतीला बाई प्रेक्षकांत बसल्या. सव्वीस वर्षांत शर्यत त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांचं काम शर्यत संपल्यावर सुरू होई.

काडी पहिल्या फेरीत पुढे होती. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर तिच्या खांद्यांत ती मरगळ दिसली जी मैदानाबाहेर बसून गेलेल्या दोन आठवड्यांची असेल, किंवा अंगातून गेलेल्या पिशवीची, किंवा नुसती त्या दिवसाची. कुणी सांगावं. बाहेरून जिराफ आली, लांब टांगा टाकत, आणि पुढे गेली. जिराफ दुसरी आली, काडी तिसरी, तिच्या मागे एका सेकंदाचा पाचवा भाग.

जिराफ रेषेपलीकडे गुडघ्यांवर बसली होती. काडीने तिला हाताला धरून उठवलं आणि दोघी एकाच बाटलीतलं पाणी प्यायल्या.

सर कठड्याशी उभे होते. घड्याळ त्यांनी थांबवलं नव्हतं. ते हातात चालूच होतं. काडी जवळ आली तेव्हा त्यांनी आधी वेळ सांगायला तोंड उघडलं, मग मिटलं, मग तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. तो नीट बसला नाही म्हणून परत उचलून टाकला.

"माझ्यामुळे," ते म्हणाले.

"वळणावर मी आत अडकले, सर," काडी म्हणाली. "पुढच्या वर्षी बाहेरून जाईन."

तेवढ्यात तपासणीची नवी बाई आली. तरुण, कडक इस्त्रीची, गळ्यात ओळखपत्र. पहिल्या तिघींना आत यायचं होतं. तिने काडीला कागद दाखवला, नियम वाचून दाखवला, सोबती कोण, असं विचारलं.

चौदा वर्षांच्या सवयीने सर पुढे झाले. पाण्याची बाटली, टॉवेल, ओळखपत्राची पिशवी, सगळं त्यांनी एका हातात गोळा केलं.

काडीने त्यांच्या हातातून फक्त ओळखपत्र घेतलं.

"तुम्ही सावलीत बसा, सर," ती म्हणाली. "विचारतील त्याचं मी सांगते."

आणि ती त्या तरुण बाईच्या पुढे चालू लागली. खोली कुठे आहे ते तिला ठाऊक होतं.